श्रीलंकेच्या गड्यानं धरलेली मान

रग्बीत श्रीलंकेनं आपल्याला लय वेळा हरवलंय, म्हणून मी इंडियाकडनं चवताळूनच उतरलो हुतो, गड्या. डोकी खाली घालून दोन्ही टीमा एकमेकींना रेटत असताना सगळा ढीग कोसळला आन् मी तळाला सापडलो. मानेत कट्‌कन वाजलं. हातपाय हायतच न्हाईत, असं झालं. म्हटलं, आता जन्मभर कराडात आईच्या हातनं जेवायचं.

म्होरचा त्यांचा धिप्पाड गडी माझं डोकं दोन्ही हातांत धरून चिखलात तसाच आडवा ऱ्हायला. "हलू नको," एवढंच इंग्रजीत म्हणत हुता.

धावत आलेल्या डॉक्टरनं माझा बूट-मोजा काढून विचारलं, "पायाचा अंगठा हलतोय का?"

मला कळंना. तोच गडी ओरडला, "हलला, हलला!"

मी रडाय लागलो. त्यानं माझं डोकं अजून सोडलं न्हवतं. म्हणाला, "माझ्या भावाचा न्हवता हलला."