कपाटातला पेजर

"डॉक्टरांचा प्रत्येक निरोप पेजरमुळे परिचारिकेपर्यंत तत्काळ पोहोचतो," असे वृद्धसेवा संस्थेचे १९९८चे पत्रक सांगते. एरंडोलला संस्थेच्या रुग्ण धुरपदाअक्कांच्या दहाव्याला निघालेले दोघे, परिचारिका बेबाबाई आणि व्यवस्थापक सुकदेवनाना, जळगाव स्थानकावर एसटीच्या रांगेत बोलत होते.

"नाना, अक्कांचं इन्सुलिन थांबवा, हा निरोप डॉक्टरांनी कधी पाठवला?"

"आठला. नोंद आहे."

"मी नऊला टोचलं. अक्का माझ्या हातानं गेल्या!"

"पेजर बघायचा होता."

"पत्रकात छापलात, हातात कधी दिलात? बठ्ठे पेजर, एकूण एक, तुमच्या कपाटात!"

"महागडी वस्तू, बाई. हरवली असती."

"मग आठला वाजला कुठं?"

"कपाटातच वाजला. मी ऐकला. मला वाटलं, निरोप पोहोचला."