दारामागची अंडी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत होते. तेराव्यानंतर त्याचं करंजाड्याचं भाड्याचं घर रिकामं करायला गेले. साफ करून मालकाला किल्ली द्यायची होती. दादाकडे काम करणारी सुगंधा मदतीला होती. दारामागची भिंत झाडताना ती थांबली.

"ताई, कोळ्यांची अंडी हायत. ही टिकलीसारखी चपटी, ही कापसाची गोळी, ही मातकट पिशवी. दादा हात लावू देत नव्हते. कुठली कुनाची, तुमी वळखता?"

"नाही गं. तो फोनवर सांगायचा. मी नुसतं हं हं करत कुकर लावायचे."

"मग राहू दे. बाळंतिणीची खोली कोन झाडतो? इथं तर तिघी हायत."

संध्याकाळी किल्ली दिली. दारामागची भिंत झाडायची राहिली.