हौसाचा वानोळा

आमच्या हौसाच्या नादाला लागू नका, आधीच सांगतो.

राजूरच्या वर डोंगरात आमचं गाव. फिरायला आलेले पाव्हणं आमी घरोघरी पैशे घिऊन ठेवतो. मागल्या साली मुंबईचे चौघं आमच्याकडं उतरले. मानसं गोड, पन झऱ्यावर गेले आन् बाटल्या, वेफरची पाकिटं तिथंच टाकून आले. अख्खं गाव त्या झऱ्याचं पानी पितं! मी उठलोच भांडायला.

माझी बायको हौसा म्हनली, "बसा गप. पाव्हण्याला असं बोलत्यात व्हय?"

निघताना तिनं त्यांच्या हातात गच्च बांधलेली पिशवी दिली. "वानोळा हाय. घरी जाऊनच सोडा."

पाव्हणे खूश. संध्याकाळी फोन आला, "वहिनी, चुकून कचरा दिलात! आमच्याच बाटल्या आहेत यात!"

"चुकून न्हाई, भाऊ. वर तुमचं तुमाला दिलंय. खाली आमच्या शेतातला तांदूळ हाय."

पलीकडनं फोन ठेवला. मी म्हनलं, झालं, तुटले पाव्हणे.

यंदा तेच चौघं परत आले. निघताना त्यांनीच एक पिशवी हौसाम्होरं धरली.

"वहिनी, आमचं आम्ही बांधलंय. आता नुसता तांदूळ द्या."