तिन्ही माझीच

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय आप्पासाहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय प्रांतसाहेब, माझे तरुण सहकारी ऋषिराज, तहसील कचेरीतले माझे सारे सोबती आणि उन्हातान्हाचं विश्रामबागेतल्या या सभागृहापर्यंत आलेल्या पै-पाहुण्यांनो!

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. आमच्या सौभाग्यवती तर पहिल्या रांगेत 'हे नक्की कुणाचं वर्णन चाललंय' अशा चेहऱ्यानं ऐकत होत्या.

ऋषिराज आत्ता म्हणाले, "निवडणुकीत नागसेनसाहेबांनी नामंजूर केलेला एकही अर्ज पुढं कोर्टात मंजूर झाला नाही." टाळ्या पडल्या. गोष्ट खरी आहे. पण त्या टाळ्या मला सोसल्या नाहीत, आणि का ते आज सांगून टाकतो. गावाचं नि माणसांचं नाव मात्र विचारू नका.

शिराळ्याकडच्या एका गावात सरपंचपदाची निवडणूक होती. मी निवडणूक निर्णय अधिकारी. छाननीला उमेदवार कसे येतात? पुढे वकील, मागे पंधरा-वीस कार्यकर्ते. या ताई आल्या त्या नऊ वर्षांच्या धाकट्या लेकीचा हात धरून. अर्ज स्वतः भरलेला, कुठे खाडाखोड नाही. मुलीला बाहेर बाकावर बसवलं आणि मला विचारलं, "साहेब, निवडून आले तर नळाची वेळ बदलता येती का? बाया रानात तण भांगलायला गेल्या की पाणी येतंय."

छाननीच्या टेबलावर गावच्या पाण्याची चौकशी मी पहिल्यांदाच ऐकली. मनात म्हटलं, ही बाई गाव चालवेल. पण मंडळी, उमेदवार चांगला की वाईट हे ठरवायचा अधिकार मला कुठे होता? कागद पुरा की अपुरा, एवढंच माझं काम.

तेवढ्यात विरोधी बाजूच्या एका गृहस्थांनी हरकत घेतली. दोनपेक्षा जास्त मुलं, म्हणून अपात्र. तिन्ही मुलांच्या शाळेच्या दाखल्यांवर आईचं नाव एकच.

आता खरं काय होतं? धाकटी ताईंच्या जावेची. जाऊ मिरजेच्या दवाखान्यात बाळंतपणातच गेली, बाप आधीच गेलेला. ताईंनी ते बाळ पोटच्या पोरासारखं वाढवलं. सगळ्या गावाला हे माहीत होतं, फक्त त्या मुलीला नव्हतं. गावानं नऊ वर्षं ते पोटात ठेवलं होतं, हेही सांगायला हवं.

मी त्या गृहस्थांना म्हटलं, "अहो, तुम्हाला खरं ठाऊक आहे ना?"

"व्हय की साहेब, लय पुण्याचं काम केलंय तिनं. पर कागद काय म्हणतोय ते बघा."

मग ताईंना म्हटलं, "मिरजेतल्या जन्मनोंदीचा उतारा उद्यापर्यंत आणा. हरकत फेटाळतो."

त्यांनी विचारलं, "निकालात ह्ये लिवणार काय?"

"कारण लिहावंच लागतं, ताई. आणि निकाल फलकावर लावावा लागतो."

त्या दाराकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "तिला आता वाचता येतंय, साहेब."

मी टेबलावरचा अर्ज पुढं ओढला.

"लिवा. तिन्ही माझीच हायत."

मी लिहिलं, 'नामंजूर'. खाली सही केली. त्या निकालाविरुद्ध कोर्टात कुणी गेलंच नाही. ऋषिराज, तुमच्या हिशेबात तोही एक आहे.

इथवरच असतं तर मी हे सांगितलंही नसतं. संध्याकाळी बाहेर आलो, तर ती मुलगी फलकावर बोट ठेवून एकेक अक्षर लावत होती. ताई हात ओढत होत्या, पण ती हलेना. मला बघून म्हणाली, "तीन मुलं हायत म्हणून आईचं नाव काढलं? मंजी मी झाले म्हणून व्हय?"

उत्तर मला ठाऊक होतं. ताई मान हलवून 'नको, नको' म्हणत होत्या. मी "नाही बाळ" एवढंच म्हणालो आणि जीपमध्ये बसलो. माझ्या 'नाही'वर तिचा विश्वास बसला नव्हता, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

असो. सत्काराच्या दिवशी हे काय काढलं, असं अध्यक्षांना वाटत असेल. आप्पासाहेब, आपण वेळ दिलीत, सर्वांनी माया लावलीत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर ते पोटात घाला. त्या मुलीची माफी तेवढी मागायची राहिली आहे. पण मागायला गेलो तर कशाबद्दल ते सांगावं लागेल.

नमस्कार.