बाहेरची खोली, आतली खोली

घरगुती पत्र, मग ते इंग्रजीत का असेना, मनापासूनच लिहिलं पाहिजे, हे सुजय सरांचं आयुष्यभराचं तत्त्व होतं. त्या तत्त्वापायी त्यांच्या शिकवणीला आता दोनच मुलं उरली होती. जानेवारीच्या गारठ्यात ते मफलरात तोंड गुंडाळून हिंदी मुलखातल्या अलीगंजच्या दूध बूथवर रांगेत उभे होते, आणि मागे दोन बायका चक्क मराठीत बोलत होत्या.

“अनघाताई, यशची इंग्रजीची शिकवणी बदललीत म्हणे?”

“बदलू नाही तर काय करू! सर म्हणाले, मनातलं लिही. यानं मामीला लिहिलं, तू दिलेली साडी आईनं कामवालीला देऊन टाकली. आणि सरांनी ते खरंच पोस्टात टाकलं!”

“अरे देवा! इंग्रजीत होतं, तेवढं तरी बरं.”

“मामी शाळेत इंग्रजीच शिकवते. चुका सुधारून परत पाठवलं.”

“मग आता?”

“आता नीलम मॅडम. एकच पत्र पाठ करून घेतात, ‘आय ॲम फाइन हिअर’वालं. मुंज असो, तेरावं असो, तेच. बसायला जागा नसते त्यांच्याकडे!”

सरांचे कान मफलरात तापले.

“कुठं राहतात या?”

“त्याच घरात! सरांना ओलांडून आतल्या खोलीत जायचं. बायकोच ती त्यांची.”

“अगंबाई! सरांना राग नाही येत?”

“यश म्हणतो, मधलं दार फार जोरात लावतात. अहो भैया, आगे बढ़िए न!”

सर पुढे सरकले.

“कितना दूँ, मास्टर साहब?” बूथवाल्यानं विचारलं.

“चार लीटर. मैडम के बच्चों की चाय बनानी है.”