न विचारलेलं 'व्हेअर'

तुम्ही हसाल, पण गोव्यात भाड्याच्या मोटारसायकलचा पायलट म्हणून माझी पहिली फेरी अशीच झाली. शाळा आठवीत सुटलेली, इंग्रजी येत नव्हतं. स्टँडवरच्या बाबलोने एकच शब्द पाठ करून घेतला होता. "गिराईक बसलां की 'व्हेअर' म्हण. म्हणजे खंय. बस्स!"

पेडण्याच्या स्टँडवर एक गोरी म्हातारी मागे बसली. शब्द ओठांवर आला आणि आई आठवली. निघालेल्या माणसाला 'खंय', म्हणजे कुठे, असं विचारलं की त्याचं काम अडतं, असं ती सांगते. या बिचारीचं अडलं तर? मी गप्प गाडी चालू केली.

तीही गप्पच. काजूच्या बागा गेल्या, धुकं गेलं, नदीचा गार वारा लागला. मी कुठे नेतोय ते मलाच कळत नव्हतं. रस्ता संपला तेव्हा समोर केरीचा समुद्र. आता पहिलंच गिऱ्हाईक गेलं, असं वाटलं.

ती उतरली, खूप वेळ पाण्याकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "हिअर." आणि उद्या परत ये, असं खुणेने सांगितलं.

संध्याकाळी बाबलोने विचारलं, "पण तिका जावचां खंय होतां?"

मी त्याच्या तोंडावर हातच ठेवला. "खंय म्हणू नको रे! उद्यां परत न्हेवचां आसा तिका."