होडीतली एल्मची रोपं

सावा नदी पार करून नेणाऱ्या तराफ्यासाठी माझ्यापुढे एकमेकांचे दोन शेजारी रांगेत उभे होते.

"काय हो श्तेफ, तुम्ही आणि तराफ्याच्या रांगेत? होडी पुराने नेली की काय?"

"नेली नाही हो, येलकावहिनी. गाळाने भरून ठेवली. आणि त्या गाळात एल्मची रोपं उगवलीत."

"एल्मची? बेटावरचं शेवटचं झाड तर याच पुरात पडलं ना?"

"पडता पडता बी सांडून गेलं की! होडी नुसती हिरवीगार झालीय."

"आणि तुम्ही बांध घालून एल्मचं बी पेरलं होतं ते?"

"वाळून गेलं. त्याला पुराचं पाणीच लागू दिलं नाही मी शहाण्याने."

"मग आता मासे कशात बसून धरणार? उपसा तो गाळ."

"रुझा उपसू देईल तर ना! म्हणते, रोपांना हात लावलात तर जेवायला वाढणार नाही."

"बायकोच्या नावावर खपवू नका. गाळ उपसा म्हणून घसा कोरडा केला बिचारीने. आणि परवा आमचं गिरमिट कशाला नेलंत?"

"पाणी साचून मुळं कुजायला लागली होती, वहिनी. होडीच्या तळाला भोकं पाडली."